विश्लेषण : ॲप पुण्यात, बटण परभणीत... घरातला दिवा मंद करणार कोण?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून परभणीला घरी आलेली मुले आई-वडिलांच्या खोलीत स्मार्ट बल्ब लावून देतात. मोबाइलवर बोट सरकवले की उजेड कमी-जास्त होतो, घरातल्यांना कौतुक वाटते. सुट्टी संपते, मुलांबरोबर मोबाइल पुण्याला जातो आणि मागे उरते भिंतीवरचे जुने बटण. त्या बटणाने बल्ब फक्त चालू आणि बंद होतो. उजेड कमी करायचा तर पुण्याला फोन लावायचा! मग भिंतीवरच्या बटणानेच दिवा मंद करता येईल का, ते बटण कसे जोडायचे आणि इंटरनेट किंवा वीज गेल्यावर त्याचे काय होते, याविषयी...

अडचण नेमकी काय?

साध्या बोर्डावरचे बटण बल्बकडे जाणारी फेजची तार तोडते किंवा जोडते. त्याला दुसरे काही येत नाही. स्मार्ट बल्बच्या पोटात मात्र एक छोटा रेडिओ आणि चिप असते. मोबाइलवरून किंवा रिमोटवरून येणारा संदेश ऐकण्यासाठी त्याला चोवीस तास वीज लागते. दिवा 'बंद' असतानाही तो जागा असतो. कोणी सवयीने बोर्डावरचे बटण बंद केले की हा जागता पहारा संपतो. मग ॲपवर 'उपकरण सापडत नाही' असा संदेश येतो आणि बल्ब खराब निघाला, असा घरात समज होतो.

यावर अनेक घरांत केला जाणारा उपाय म्हणजे बोर्डावरच्या बटणावर चिकटपट्टी लावणे. म्हणजे दिवा स्मार्ट झाला आणि बटण निकामी. ज्यांच्या हातात ॲप आहे त्यांची सोय झाली. आजी, पाहुणे, लहान मुले आणि कामाला येणाऱ्या मावशी यांची मात्र गैरसोय झाली. घरात राहणाऱ्या कोणालाही मोबाइल न शोधता दिवा लावता, विझवता आणि मंद करता आला पाहिजे, ही अपेक्षा फार मोठी नाही. बाजारातील बहुतेक जाहिराती मात्र आवाजावर चालणाऱ्या दिव्यांच्या आणि रंगांच्या असतात. बटणाचा विषय शेवटी येतो किंवा येतच नाही.

दिवा मंद होतो म्हणजे काय होते?

मंद उजेड आपल्याकडे नवा नाही. जुन्या घरांत त्यासाठी वेगळा 'झिरोचा बल्ब' असे. नावात झिरो असले तरी तो १० ते १५ वॅट वीज घेई. १५ वॅटचा बल्ब रोज रात्री आठ तास लावला तर महिन्याला साडेतीन युनिटांहून अधिक वीज जाते. आज अर्ध्या वॅटचा एलईडी तेवढेच काम जवळपास फुकटात करतो.

एकाच बल्बचा उजेड कमी करण्याची जुनी पद्धत म्हणजे वाटेत मोठा रोध बसवायचा. त्यात नको असलेली वीज उष्णता होऊन वाया जाई. १९५९मध्ये अमेरिकेतील जोएल स्पायरा यांनी भिंतीवरच्या डबीत मावेल असा अर्धवाहकावर चालणारा डिमर तयार केला आणि १९६१मध्ये लुट्रॉन ही कंपनी स्थापन केली. या तत्त्वावरच्या डिमरची युक्ती अशी : आपल्याकडे विजेची दिशा सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, म्हणजे तिच्या १०० अर्ध्या लाटा येतात. डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा तुकडा अडवतो आणि उरलेला पुढे जाऊ देतो. जेवढा तुकडा मोठा, तेवढा दिवा मंद. तारेच्या जुन्या पिवळ्या बल्बला हे चालून जाई, कारण तापलेली तार सेकंदाच्या शंभराव्या भागात थंड होत नाही.

एलईडीचे तसे नाही. त्याच्या बुडात एक ड्रायव्हर असतो. तो २३० व्होल्टचा प्रवाह एलईडीला लागणाऱ्या स्थिर प्रवाहात बदलतो. लाट कापून आली की साधा ड्रायव्हर गोंधळतो. कधी तो भरपाई करून उजेड तितकाच ठेवतो, कधी दिवा लुकलुकतो, कधी गुणगुणतो आणि कधी काही महिन्यांत कायमचा जातो. केंद्र सरकारच्या ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. घराघरांत पोहोचलेले हे स्वस्त बल्ब डिमरसाठी बनवलेले नाहीत. त्यामुळे आधी डिमर आणून नंतर घरातलाच बल्ब त्याला लावणे म्हणजे दोन्हींचे नुकसान. खोक्यावर 'डिमेबल' असे छापलेले नसेल तर तो बल्ब डिमरवर लावू नये.

पंख्याच्या रेग्युलेटरला बल्ब जोडण्याची युक्तीही काही ठिकाणी केली जाते. नव्या टप्प्यांच्या रेग्युलेटरमध्ये कॅपॅसिटर असतात. ते पंख्याच्या मोटारीचा विचार करून निवडलेले असतात. एलईडीसाठी हा प्रयोग नकोच.

भिंतीवरून मंद करण्याचे मार्ग कोणते?

मार्ग दोन आहेत आणि ते एकत्र करायचे नाहीत. बहुतेक फसगत इथेच होते.

पहिल्या मार्गात बल्ब साधा, पण डिमेबल असतो आणि हुशारी बोर्डात असते. बटणाच्या मागे काड्यापेटीएवढे डिमर मॉड्यूल बसवतात. बटण पूर्वीसारखेच दिसते, फक्त दाबून सोडले की परत वर येणारे, म्हणजे बेलच्या बटणासारखे घ्यावे लागते. हे मॉड्यूल सतत जागे राहण्यासाठी त्याला फेजबरोबर न्यूट्रलही हवी असते. परदेशातील अनेक जुन्या घरांत बटणाच्या डबीत न्यूट्रल नसते आणि तिथे हा मोठा प्रश्न ठरतो. आपल्याकडे बोर्डावर बहुधा पिन लावायचे सॉकेटही असते, म्हणजे न्यूट्रल तिथे आलेली असते. पलंगाजवळ केवळ एक-दोन बटणे असलेला छोटा बोर्ड असेल तर मात्र ती नसण्याची शक्यता अधिक. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मिळतात; ती बल्बमधूनच थोडा प्रवाह वाहू देतात. परिणामी कमी वॅटचा एलईडी बंद केल्यावरही मिणमिणत राहू शकतो.

दुसऱ्या मार्गात बल्ब स्मार्ट असतो आणि त्याला वीज कायम मिळते. भिंतीवर नाण्यासारखा सेल टाकलेले बिनतारी बटण चिकटवले जाते. त्याला ना फेज लागते, ना न्यूट्रल. भाड्याच्या घरात हाच मार्ग सोयीचा, कारण बोर्ड फोडावा लागत नाही आणि घर सोडताना बटण खिशात घालून नेता येते. बोर्डावरच्या जुन्या बटणाचे काय करायचे हा प्रश्न उरतो. चिकटपट्टीपेक्षा बरा पर्याय म्हणजे वायरमनकडून आत फेज थेट जोडून घेणे आणि बटणाच्या जागी कोरी पट्टी बसवणे. दिव्याची वीज तोडायची वेळ आली तर एमसीबी आहेच.

स्मार्ट बल्ब आणि बोर्डातला डिमर एकाच तारेवर आले तर काय होते? स्मार्ट बल्बला पूर्ण लाट हवी असते आणि डिमर ती कापून पाठवतो. बल्बमधील चिप वारंवार बंद पडून चालू होते. दोन्ही वस्तू महागाच्या असूनही दिवा लुकलुकत राहतो.

बोर्डातले काम परवानाधारक वायरमननेच करावे, हे वेगळे सांगायला नको. त्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी : भिंतीतील बॉक्स लोखंडी असेल तर रेडिओ संदेश अडतो आणि मॉड्यूलचा पल्ला घटतो. प्लॅस्टिकचा बॉक्स असेल तर हा त्रास कमी.

बटणाची जोडणी कशी करतात?

जिन्यातला दिवा खालच्या आणि वरच्या, अशा दोन्ही बटणांनी चालतो हे सर्वांना ठाऊक आहे. तिथे हुकूम तारेतून जातो. बिनतारी बटणात तो संदेश होऊन जातो आणि त्या संदेशाचा अर्थ आपण ठरवायचा असतो. बटण साधारण तीन गोष्टी कळवते : एकदा दाबले, दाबून धरले आणि सोडले. काही बटणे दोनदा दाबल्याचेही कळवतात. रूढ मांडणी अशी, की एकदा दाबले तर दिवा चालू किंवा बंद. दाबून धरले तर उजेड हळूहळू बदलू लागेल. सोडले की तिथेच थांबेल. बटण एकच असेल तर पुढच्या खेपेला दिशा उलटते, आधी कमी झाला असेल तर आता वाढतो. ज्येष्ठांसाठी हे गोंधळाचे ठरते. वर आणि खाली अशी दोन टोके असलेले बटण त्यांना न सांगता समजते.

झिगबी या पद्धतीच्या उपकरणांत हे काम सोपे आहे. बटण बल्बला 'कमी होत जा' आणि नंतर 'थांब' असे दोनच संदेश पाठवते, मधले काम बल्ब स्वतः करतो. घरातील हबवर, उदाहरणार्थ होम असिस्टंट या मुक्त प्रणालीवर, नियम लिहून हेच करायचे तर एक फेरा बनवावा लागतो : बटण दाबलेले आहे तोवर ठरावीक वेळाने उजेड एक टप्पा खाली आणायचा. इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक म्हणजे 'सोडले' हा संदेश हवेत हरवेल असे गृहीतच न धरणे. तो हरवला की फेरा चालूच राहतो आणि दिवा तळाला जाऊन बसतो. म्हणून फेऱ्याला संख्येची मर्यादा घालावी आणि उजेड ठरावीक किमान पातळीखाली जाऊ देऊ नये. तीन-चार टक्क्यांवर गेलेला दिवा विझल्यासारखाच दिसतो आणि घरातले माणूस तो 'लावायला' बटण दाबते, तेव्हा तो उलट पूर्ण बंद होतो.

दुसरी चूक टप्प्यांची. प्रत्येक वेळी दहा टक्के कमी करायचे, हे कागदावर बरोबर वाटते. पण डोळा फरक मोजतो तो प्रमाणात. १००वरून ९०वर आलेला उजेड कोणाच्या लक्षातही येत नाही, २०वरून १०वर आला की खोली एकदम अंधारते. त्यापेक्षा प्रत्येक टप्प्याला आधीच्या उजेडाचा पाचवा हिस्सा कमी करावा. १००, ८०, ६४, ५१ असे करत दहा टप्प्यांत दिवा साधारण ११ टक्क्यांवर येतो आणि उतार डोळ्यांना सारखा भासतो. सेकंदाला तीन-चार टप्पे ठेवले तर सगळा प्रवास तीनेक सेकंदांत होतो.

खरी सोय होते ती रात्रीच्या नियमाने. रात्री अकरानंतर पहिल्यांदा बटण दाबले तर दिवा दहा टक्क्यांवरच लागावा, असे ठरवता येते. दोन वाजता उठणाऱ्या माणसाला दार आणि पायरी दिसते, डोळे दिपत नाहीत आणि शेजारी झोपलेले जागे होत नाही. पण कोणाला अचानक बरे वाटेनासे झाले तर पूर्ण उजेड लगेच हवा. त्यासाठी दोनदा दाबले की १०० टक्के, हा नियम जोडीने ठेवलाच पाहिजे.

इंटरनेट बंद पडले तर?

परभणीकरांसाठी हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकासमोरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याजवळ असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागल्यावर जमावबंदीबरोबरच इंटरनेट सेवाही बंद करण्यात आली. त्या दिवसांत शहरासमोरचे प्रश्न दिव्यांपेक्षा कितीतरी गंभीर होते. पण इंटरनेट प्रशासकीय आदेशानेही थांबू शकते, हे गृहीत धरूनच घरातली व्यवस्था करावी लागते. नोव्हेंबर २०२४मध्ये अधिसूचित झालेल्या दूरसंचार सेवा तात्पुरत्या निलंबनाच्या नियमांनुसार असा एक आदेश जास्तीत जास्त १५ दिवसांसाठी काढता येतो.

अनेक स्वस्त वायफाय बल्बांत ॲप किंवा बटणाचा हुकूम आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत घरात येतो. बटण आणि बल्ब यांच्यात चार हातांचे अंतर, पण निरोप जातो परदेशातून. ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनियातल्या सर्व्हर केंद्रात २० ऑक्टोबर २०२५ रोजी बिघाड झाला तेव्हा आपल्याकडे नरक चतुर्दशीची दुपार होती. या बिघाडात अलेक्सासह अनेक सेवा अडखळल्या.

त्यापेक्षाही कायमचा धोका म्हणजे कंपनीनेच हात वर करणे. बेल्किन कंपनीने जुलै २०२५मध्ये जाहीर केले, की वेमो मालिकेतील बहुतेक उपकरणांची सर्व्हर सेवा ३१ जानेवारी २०२६पासून बंद होईल. ज्यांनी ती आधीच ॲपलच्या होमकिटमध्ये, म्हणजे घरातल्या घरात चालणाऱ्या व्यवस्थेत जोडली होती, त्यांची उपकरणे चालू राहण्याची सोय होती. एप्रिल २०२२मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर तर पूर्वसूचनेशिवाय बंद झाले. ॲप मुके झाले, पण जी भिंतीवरची बटणे दिव्यांशी थेट जोडलेली होती, ती नेहमीसारखी चालत राहिली. काही महिन्यांनी कंपनीच्याच काही ग्राहकांनी ती विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली.

थेट जोडणीचे महत्त्व इथे कळते. झिगबीमध्ये बटण बल्बशी 'बाइंड' करता येते. एकदा ते केले की इंटरनेट, राउटर आणि हबसुद्धा बंद असले तरी बटण दाबून दिवा मंद होतो. अर्थात, रात्री अकरानंतरचा नियम हबमध्ये असतो, त्यामुळे थेट जोडणीत तो मिळत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या 'मॅटर' या सामाईक मानकाची उपकरणे घरातील जाळ्यावरच बोलतात, त्यांना दूरच्या सर्व्हरची गरज नसते. पण त्यांना सांभाळणारे नियंत्रक उपकरण घरात लागतेच. साध्या वायफाय बल्बबाबत दुकानदाराचे 'सगळे चालते हो' हे उत्तर पुरेसे नाही.

आणि वीज गेली तर?

मे-जूनच्या वादळी वाऱ्यात वीज जाणे-येणे परभणी जिल्ह्याला नवीन नाही. स्मार्ट बल्बचा एक वेगळाच त्रास तेव्हा कळतो. वीज आली की बल्बला वाटते कोणीतरी बोर्डावरचे बटण चालू केले, आणि अनेक बल्ब कारखान्यातून येतानाच अशा वेळी पूर्ण उजेडाने लागण्यासाठी बांधलेले असतात. रात्री अडीच वाजता वीज परत येते आणि सगळ्या खोल्या लख्ख उजळतात! ॲपमध्ये 'वीज आल्यावर काय करावे' अशा अर्थाची एक सेटिंग असते. ती 'आधीच्या स्थितीत' अशी करून ठेवावी. काही स्वस्त बल्बांत ती नसतेच, घेण्याआधी पाहावे.

हब आणि राउटर इन्व्हर्टरवर नसतील तर दिवे इन्व्हर्टरवर असूनही नियम चालणार नाहीत. यात एक बारकावा आहे. हौशी मंडळी हब म्हणून वापरतात त्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या चौथ्या पिढीपर्यंत त्यात स्वतःचे घड्याळच नाही. तो वेळ इंटरनेटवरून घेतो. वीज जाऊन आली आणि त्याच वेळी इंटरनेटही नसेल, तर त्याला रात्रीचे अकरा वाजलेले कळतीलच असे नाही.

वीजबिल वाचते का?

फारसे नाही. नऊ वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला १.३५ युनिट जातात. तो सतत ४० टक्के विजेवर चालवला तरी बचत ०.८ युनिटांच्या आसपास. उलट बाजूला, स्मार्ट बल्ब बंद असतानाही वीज खातो. युरोपीय महासंघाने त्यासाठी अर्ध्या वॅटची कमाल मर्यादा घातली आहे. तेवढी धरली तर उरलेल्या १९ तासांचे महिन्याला ०.२८ युनिट होतात. दहा बल्ब असतील तर जवळपास तीन युनिट, दिवे न लावता. हब दोन वॅटचा धरला तर आणखी दीड युनिट. बचतीची जाहिरात पाहून हा खर्च करू नये. डोळ्यांना आराम आणि रात्रीची सोय हेच त्याचे कारण असू शकते.

विकत घेण्यापूर्वी काय पाहावे?

एकाच खोलीपासून सुरुवात करावी, शक्यतो ज्येष्ठांच्या. घर बांधकामात असेल तर प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणि खोल बॉक्स मागून घ्यावा. प्लॅस्टर झाल्यावर हेच काम फार महाग पडते. बहुतेक वायफाय बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या जाळ्यावर चालतात, तेव्हा राउटरवर ते चालू आहे ना, हेही पाहावे.

बल्ब आणि बटण जोडून झाल्यावर, सुट्टी संपण्यापूर्वी, एक चाचणी जरूर करावी. राउटरची पिन काढायची, मुलाचा मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि आई-वडिलांना दिवा लावायला, मंद करायला आणि विझवायला सांगायचे. मग एमसीबी पाडून पुन्हा उचलायचा आणि दिवा कोणत्या स्थितीत लागतो ते पाहायचे. यात जे अडेल ते तिथेच दुरुस्त करता येते. नंतर फोनवरून समजावणे अवघड जाते. बटणातील सेल कधीतरी संपतोच, म्हणून त्याचा क्रमांक, बहुधा सीआर २०३२, बटणाच्या मागे मार्करने लिहून ठेवावा आणि एक जादा सेल देव्हाऱ्याच्या खणात ठेवून द्यावा.